गिलावा जमिनीला टेकवू नका

बीबी का मकबऱ्यात आलेला पाहुणा आधी घुमटाकडे बघतो, मग फोटो काढतो आणि मग ठरलेलं वाक्य टाकतो: "हा गरिबाचा ताज." संगमरवर परवडला नाही म्हणून चुन्याचा गिलावा चोपडून वेळ मारून नेली, अशी भर शेजारचा दुसरा पाहुणा घालतो. या वाक्याची मला चीड आहे. बोलणाऱ्या दोघांनीही भिंतीच्या पायथ्याकडे नजर टाकलेली नसते.

या जरा पायथ्यापाशी. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य वास्तूला खालच्या पट्ट्यात, डॅडोच्या पातळीपर्यंत, संगमरवर आहे. तिथून वर घुमटाच्या तळापर्यंत भिंत आपल्याच मातीतल्या काळ्या दगडाची, त्यावर घोटून चकाकी आणलेला चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यातच काढलेली उठावाची नक्षी. घुमट पुन्हा संगमरवराचा. म्हणजे महागडा दगड मोजकाच होता तेव्हा तो दोन जागी गेला. एक, जिथे पाऊस थेट डोक्यावर पडतो. दुसरी, जिथे पाऊस जमिनीवर आपटून भिंतीवर उडतो. मधल्या उभ्या भिंतीला गिलावा पुरेसा होता. शोभेसाठी केलं असेल, तरी त्याचा फायदा भिंतीला झालाच. शिवाय सगळी वास्तू उंच चौथऱ्यावर. पायऱ्या चढल्याशिवाय भिंतीला हातच लागत नाही.

हा मकबरा 1661 च्या सुमारास पूर्ण झाला. औरंगजेबाची बेगम आणि आझमशहाची आई दिलरास बानू इथे दफन आहे. खर्च नोंदवलेला आहे: 6,68,203 रुपये आणि 7 आणे. ताजचा खर्च 3 कोटी 20 लाखांच्या घरात सांगतात. दरवाज्यावर स्थपती म्हणून अताउल्ला आणि अभियंता म्हणून हंसपतराय यांची नावं कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. संगमरवर आला जयपूरकडून. सुरतेहून गोवळकोंड्याला निघालेल्या टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याला वाटेत संगमरवर लादलेल्या सुमारे 300 गाड्या दिसल्या, त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला 12 बैल होते. एवढ्या लांबून बैलांच्या जिवावर ओढून आणलेला दगड या लोकांनी जमिनीलगत लावला. आपण जमिनीलगत काय लावतो?

वाळू-सिमेंटचा गिलावा. थेट मातीत खुपसलेला.

मकबऱ्याच्या या शहरात सिडको, हडको, गारखेडा, उल्कानगरी, सातारा परिसर, कुठल्याही गल्लीत शिरा आणि नजर गुडघ्याच्या खाली ठेवून चाला. बंगला दोन वर्षांचा असो की वीस, चित्र एकच. वरती नवा कोरा रंग, काचेचं रेलिंग, गेटवर नावाची पितळी पाटी. आणि खाली जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत फुगलेला, सुटलेला, पोपडे धरलेला पट्टा. घर बांधायला पाऊण आयुष्याची कमाई लागते. त्या घराची भिंत चार पावसाळ्यांत पायापाशी सडते आणि आपण ते नशीब समजून चालतो. नशीब नाही, हे चुकीचं बांधकाम आहे. चूक कुठे होते ते दाखवता येतं.

असा एखादा पोपडा बोटानं हलकेच उचलून बघा. वरती गेल्या दिवाळीचा रंग. त्याच्याखाली त्याआधीच्या दिवाळीचा, वेगळ्या छटेचा. मग पुट्टीचा पांढरा थर. मग करड्या सिमेंटचा अर्धा-पाऊण इंच, हातात अख्खा तुकडा येतो, कडक, खणखणीत. तुकडा उलटा करा. मागच्या बाजूला पांढरी भुसभुशीत भुकटी, बोटाला लागते, कधी कधी बारीक केसांसारखी उभी. हा लोणा. आता उघड्या पडलेल्या विटेवर नख फिरवा, तांबडी पूड झरते. शेजारचा गिलावा अजून जागेवर दिसतो, त्यावर मुठीनं ठोका. वर खांद्याच्या उंचीवर आवाज टणक येतो, खाली बद्द. जिथून आवाज बदलतो तिथे खडूनं रेघ मारा. भिंतीचा आजार कुठवर चढलाय ते त्या रेघेवरून कळेल.

त्या कडक तुकड्याकडे नीट बघा. गिलावा स्वतः फुटलेला नाही. त्याच्या मागची जागा मेली आहे. म्हणूनच "सिमेंट कमी घातलं" हा आपला आवडता आरोप बहुतेक वेळा चुकतो. पायथ्यापाशी जास्त सिमेंट घातलेला गिलावाच आधी सुटतो.

कारण साधं आहे. वीट, चुना, सिमेंट, सगळ्यांत बारीक छिद्रं असतात आणि दिव्याची वात तेल वर ओढते तशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते. ओल एकटी येत नाही. मातीतले, विटेतले, वाळूतले आणि बोअरच्या पाण्यातले क्षार घेऊन येते. भिंतीच्या पृष्ठभागाशी पोचली की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि वाढताना आजूबाजूचं सगळं ढकलतात. पाणी भिंत भिजवतं. फोडतो तो क्षार. बाहेर घट्ट सिमेंट आणि त्यावर प्लॅस्टिकसारखा रंग असला की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग ते गिलाव्याच्या मागेच अडतं आणि अजून वर चढतं. जिथे रंग संपतो, चीर असते, तिथे ते बाहेर येतं. म्हणून दरवर्षी तो पट्टा चार बोटं वर सरकलेला दिसतो.

"आपल्याकडे पाऊसच कुठे पडतो?" हे उत्तर मी या शहरात सतत ऐकतो. बांधणारे ऐकवतात, बांधून घेणारेही. वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे कोकणाच्या मानानं काहीच नाही, हे खरं. पण लोणा धरायला सतत ओल लागत नाही, ओल आणि ऊन यांची आलटापालट लागते. क्षार एकदा विरघळला, वाळला, पुन्हा विरघळला, पुन्हा वाळला, की प्रत्येक फेरीत भिंतीचा एक थर सुटतो. कोकणातली भिंत महिनोन्‌महिने ओली राहते, तिच्यावर शेवाळ धरतं. आपली भिंत जुलैत भिजते, उघडीप पडली की तापते, पुन्हा भिजते. त्यातून मे महिन्यात 40 अंशांच्या वरचं ऊन जमिनीतली उरलीसुरली ओल बाहेर खेचतं. मराठवाड्यात भिंतीच्या पायथ्याची काळजी कोकणापेक्षा कमी घ्यायची, हा समज मुळातच उलटा आहे.

आणि पावसाखेरीज पाणी नाही असं कोण म्हणतो? उन्हाळाभर कूलर चालतो, त्याच्या टाकीतून ठिबकणारं पाणी खिडकीखालची भिंत चार महिने भिजवत असतं. क्षारांनी जड झालेलं ते पाणी, कारण कूलरमधून शुद्ध पाणी वाफ होऊन उडतं आणि टाकीत राहतो तो सगळा खार. एसीची नळी भिंतीलगत सोडलेली. जायकवाडीचं पाणी बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर येतं, त्यामुळे आलं की हौद ओसंडून वाहीपर्यंत नळ बंद होत नाही आणि तो हौद बरोबर भिंतीच्या पोटाशी खणलेला. अंगणात जागा कमी, म्हणून मोगऱ्याचा आणि कढीपत्त्याचा वाफा भिंतीला चिकटून, वाफ्यातली माती जोत्याच्या वर. रोज संध्याकाळी पाइपानं पाणी. भिंतीच्या पायाला इतकं पाणी कोकणातला पाऊसही पाजत नसेल.

मग डागडुजी. इथे आपलं जे चालतं त्याला "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला" हेच शब्द लागू पडतात. पहिला उपाय, वॉटरप्रूफ रंग. ओल आतून येते आणि रंग बाहेरून. दुसरा उपाय, पोपडे खरवडून पुन्हा सिमेंटचा गिलावा, या वेळी जास्त तगडा, त्यात पातळ केमिकलची बाटली. तिसरा उपाय सगळ्यात लाडका: खालच्या तीन फुटांना टाइल्स. टाइल चकाचक दिसते, दोन वर्षं कोणी काही बोलत नाही, आणि मग टाइलच्या वर, जिथे आजवर भिंत धड होती तिथे, नवा पट्टा फुटतो. ओलीला खाली बाहेर पडायची जी जागा होती ती आपण बंद केली. ती तीन फूट वर जाऊन बाहेर पडली. पुढच्या दिवाळीला येरे माझ्या मागल्या.

दिवाळीचं तर खास नाव घेतलं पाहिजे. पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि त्याच महिन्यात आपण भिंती रंगवतो. चार महिने पाणी प्यालेली भिंत वरून कोरडी लागते, आतून ओलीच असते, आणि त्या ओलीवर आपण हौसेनं झाकण बसवतो. सणाला घर उजळलेलं हवं, ही भावना मला पुरती कळते. माझ्याही घरात तसंच वाटतं. पण बाहेरच्या भिंतीचा खालचा पट्टा दिवाळीत रंगवू नका. त्याला मार्च-एप्रिलपर्यंत तसाच कुरूप राहू द्या. उन्हानं तो आतपर्यंत वाळला की मग हात घाला.

आपल्या आजी-पणजीला हे सगळं माहीत होतं, पुस्तक न वाचता. मराठवाड्यातलं जुनं घर आठवा. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, मांडीएवढं, कमरेएवढं, गढीचं असेल तर पुरुषभर. त्या दगडावर गिलावा नाही, फक्त दर्जा चुन्यानं भरलेल्या. त्याच्यावर विटांची नाहीतर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची भिंत, आणि मातीचा गिलावा सुरू होतो तो तिथून. माती पाण्याला टिकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती जमिनीपासून लांब ठेवली. बेसाल्ट घट्ट दगड, पाणी फार ओढत नाही, शिंतोडे उडाले तरी त्याचं काही बिघडत नाही. शहरातला सोनेरी महाल बघा, विद्यापीठाकडे डोंगराच्या पायथ्याशी. दगड-चुन्यातलं दुमजली बांधकाम, पण उभं आहे उंच जोत्यावर. महाल असो की शेतकऱ्याचं घर, पायापाशी अक्कल एकच होती.

ज्याला दगड परवडत नव्हता त्याचं काय? त्याच्या भिंतीच्या तळाशी काव किंवा गेरूचा पट्टा असायचा. वर चुन्याची नाहीतर पांढऱ्या मातीची सफेदी, खाली वीतभर-हातभर तांबडा पट्टा. तो नुसता शोभेचा म्हणून आज आपण रिसॉर्टच्या भिंतीवर काढतो. त्या पट्ट्याचं खरं काम झिजायचं होतं. चिखलाचे शिंतोडे त्यावर दिसत नसत, ओल त्यातून सहज बाहेर पडत असे, गळून पडला तर घरची बाई सणाला पोतेरं फिरवून तासाभरात नवा करत असे. खर्च जवळजवळ शून्य. भिंतीच्या ज्या भागाला मार बसणारच आहे तिथे स्वस्तातला, सहज बदलता येणारा थर द्यायचा आणि मागची भिंत वाचवायची. यापेक्षा शहाणी तरतूद मला आजच्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडलेली नाही.

गिलाव्याला श्वास लागतो, ही या मातीतली जुनी जाण आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं आपल्याच विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि पुरातत्त्व खात्याच्या माजी रसायनतज्ज्ञांनी 2016 साली मांडलं. त्या तंतूंनी हवेतली ओल सांभाळली आणि किडे दूर ठेवले, असा त्यांचा निष्कर्ष. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती आणि तिथल्या चित्रांना किड्यांनी खाल्लं. चुन्याचं तसंच. घाण्यात मळलेला चुना, त्यात सुरखी, बेलफळाचं पाणी, गूळ, उडदाची डाळ. हा गिलावा सिमेंटपेक्षा मऊ असतो, आणि तोच त्याचा गुण. ओलीला तो वाट देतो आणि क्षार आला तर भिंतीऐवजी स्वतः झिजतो. म्हणून जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं ठिगळ लावलं की ठिगळ राहतं आणि आजूबाजूची भिंत जाते. जुन्या शहरात, दरवाज्यांच्या आसपासच्या वाड्यांत आणि मशिदी-देवळांच्या भिंतींवर असली ठिगळं मी बघतो तेव्हा पोटात कालवतं. करणाऱ्याची इच्छा चांगली होती. पण वर्गणी काढून त्यानं भिंत मारली.

सगळ्यांनी चुना वापरा, असं माझं म्हणणं नाही. आजच्या घराला सिमेंटचा गिलावा चालतो. तो मागच्या भिंतीपेक्षा तगडा नसावा, आणि जमिनीला टेकू नये. बस.

टेकू नये म्हणजे किती? राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान 45 सेंटिमीटर उंच असावं. अमेरिकेत लाकडी सांगाड्यावरच्या गिलाव्यासाठी नियम आहे: गिलाव्याची खालची कड मातीपासून 4 इंच आणि फरसबंदीपासून 2 इंच वर थांबली पाहिजे, आणि तिथे भोकांची धातूची पट्टी बसवली पाहिजे, म्हणजे मागे गेलेलं पाणी खाली गळून जाईल. जर्मनीत जमिनीपासून 30 सेंटिमीटरचा पट्टा हा शिंतोड्यांचा प्रदेश म्हणून वेगळाच धरतात आणि तिथला गिलावा वेगळ्या जातीचा असतो. वीतभर-हातभर उंचीच्या या पट्ट्याला तिथे स्वतंत्र नियम, स्वतंत्र माल, स्वतंत्र नकाशा आहे. आपल्याकडे घराचा नकाशा काढताना जिन्याच्या रेलिंगचे चार पर्याय दाखवतात. गिलावा खाली कुठे आणि कसा संपतो याचा एक तरी तपशील कागदावर काढलेला तुम्हाला कुणी दाखवला आहे का? मागा तो. आर्किटेक्टकडे हक्कानं मागा.

त्या कागदावर काय हवं तेही सांगतो. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर, ज्याला साइटवर सगळे डीपीसी म्हणतात, भिंतीच्या पूर्ण जाडीभर आणि कुठेही न तुटलेला. बाहेरचा गिलावा त्या थराच्या वरच थांबवायचा. गिलावा त्याच्यावरून ओघळून खाली जमिनीपर्यंत गेला की डीपीसी आतल्या आत ठणठणीत आणि ओल बाहेरून गिलाव्यातून चढून मोकळी. बहुतेक घरांत हेच होतं. डीपीसी असते, आणि गिलावा तिला बगल देतो. गिलाव्याची खालची कड थोडी पुढे काढून खालून खाच द्यायची, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी कडेवरून थेंब होऊन सुटतं, मागे वळत नाही. बीम आणि वीट जिथे जुळतात तिथे चिकन जाळी. कडेखालचा भाग घडीव काळ्या दगडाचा. या शहराभोवती दगडाला तोटा नाही. भर उन्हात खाणींजवळून गेलं की ते कळतं. दगड नुसता चिकटवायचा नाही, मागे पोकळी ठेवायची नाही, आणि वरच्या कडेला ढाळ द्यायचा, नाहीतर तिथेच पाण्याचं डबकं साचतं.

आणि भिंतीच्या बाहेर चौफेर पाऊण ते एक मीटर रुंदीचा फरसबंदीचा पट्टा, भिंतीपासून लांब ढाळ असलेला. पन्नास सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार पुरतो. काळ्या मातीत घर असेल तर इथे जास्त लक्ष द्या. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे हा पट्टा भिंतीपासून सुटतो आणि मधे बोटभर फट पडते. पहिल्या पावसाचं सगळं पाणी त्या फटीतून थेट पायात. फट डांबरानं भरा, दर उन्हाळ्याच्या शेवटी बघा, पुन्हा भरा. पेव्हर ब्लॉक टाकताना भिंतीजवळची पातळी वाढवू नका. अंगण सुंदर करण्याच्या नादात ब्लॉक, त्याखाली वाळू, त्याखाली मुरूम असं करत करत लोक जमीन जोत्याच्या बरोबरीला आणतात आणि 45 सेंटिमीटरचा नियम स्वतःच्या हातानं पुरून टाकतात.

यात आपल्याइतकाच वाटा रस्त्याचाही आहे. जुन्या थरावर नवा थर, त्यावर सिमेंटचा रस्ता. दर वेळी रस्ता वर येतो आणि घर तिथेच राहतं. ज्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या तिथे आता एक उरली आहे, आणि जुन्या वस्त्यांत काही घरांत रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. रस्त्याचं पाणी उंबऱ्यात येतं ते सगळ्यांना दिसतं. ते भिंतीत शिरतं ते दिसायला दोन वर्षं लागतात, आणि तोवर ठेकेदाराचं बिल निघून गेलेलं असतं. नवा रस्ता करण्याआधी जुना खरवडलाच पाहिजे, आणि गल्लीतल्या सगळ्यात खालच्या जोत्याची पातळी मोजून कामाच्या कागदात लिहिलीच पाहिजे. ही मागणी वॉर्डातल्या प्रत्येकानं करायची आहे, कारण गरिबाचं जोतं सगळ्यात आधी बुडतं.

आता ज्याच्या हातून हे काम होतं त्याच्याबद्दल. गवंड्याला दोष देणं सोपं असतं. साइटवर उभं राहून बघितलं तर दिसतं की गिलावा वरून खाली येतो आणि पायथ्याचा पट्टा सगळ्यात शेवटी, दिवस मावळताना येतो. तोवर माल सुकायला लागलेला असतो. परातीतला उरलेला आणि परांचीवरून पडलेला, मातीत कालवलेला माल गोळा करून तिथेच वापरला जातो, कारण फेकायचा कुठे? भिंतीलगत अजून ढिगारा असतो, त्यामुळे खालची वीतभर जागा नीट दिसतच नाही. गिलावा ढिगाऱ्यावर टेकवून सोडतात. गवंडी कंबर वाकवून, गुडघ्यावर बसून हे करतो, आणि त्याला दर मिळतो चौरस फुटाचा, वरच्या भिंतीचा तोच. भिंतीच्या सगळ्यात नाजूक जागेसाठी सगळ्यात शिळा माल, सगळ्यात थकलेला हात आणि जास्तीचा एक पैसाही नाही. हे ठेकेदारानं ठरवलेलं आहे आणि आपण ते मान्य केलेलं आहे. ज्यांना खाच सरळ ओढता येते, दगडाची दर्ज नीट भरता येते, असे कारागीर या शहरात आजही आहेत. त्यांना कामाच्या मानानं पैसे दिले तर ते करतात, आणि अभिमानानं करतात.

भिंत आधीच खराब झाली असेल तर आधी पाण्याची वाट बंद करा: वाफा हलवा, हौदाची गळती काढा, कूलरची नळी लांब न्या, भिंतीशी चढलेली माती उतरवा. मग खडूच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत गिलावा काढा, दर्जा खरवडा, आणि एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवा. लोणा आला की कोरड्या ब्रशनं झाडा आणि ती भुकटी उचलून बाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका. धुतलं की क्षार पुन्हा विरघळून आत जातो. नव्या कामाला बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. आरसीसीसाठी भारतीय मानकात क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आणि सल्फेटची 400 आहे. त्याच्या वर असेल तर ते पाणी गिलाव्यालाही नको. आणि कोटेशन मागताना "बाहेरील गिलावा, इतके चौरस फूट" एवढ्यावर भागवू नका. पायथ्याचा पट्टा स्वतंत्र ओळीत, रनिंग फुटाच्या दरानं लिहायला लावा: गिलाव्याची कड जमिनीपासून किती वर थांबणार, खाच कशी असणार, खाली दगड कोणता, भिंतीलगतचा ढाळ किती, आणि माल ताजा असणार. हे लिहून द्यायला जो तयार नसेल त्याला काम देऊ नका.